रुमालाखालची बोटं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही. दाढेच्या कळेपासून सासूच्या टोमण्यापर्यंत सगळं जिला सांगते, त्या बहिणीलाही नाही. सात वर्षं झाली. मधे मधे वाटायचं, सांगण्यासारखं तरी काय आहे त्यात? खेळातली गोष्ट! लोक म्हणतील, अगं बाई, खेळ तो, एवढं काय मनाला लावून घेतेस? हे मी स्वतःला हजारदा सांगून पाहिलंय, पटत नाही. म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही बसा. मी बसेनच असं नाही, या विषयावर आलं की मला येरझाऱ्या घालाव्या लागतात.

आधी खेळ सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. टेबलाभोवती बसून खेळायचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट चालवतो — राज्य कोणतं, जंगल कुठे, राक्षस कसला, सगळं त्याच्या डोक्यात. त्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, कोणी तलवारबाज, कोणी चेटकीण, कोणी चोर. मी हे करते, मी तिकडे जातो, असं ते बोलायचे आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. सूत्रधार मी. चाळिशीला टेकलेली बाई, दिवसभर आर्किटेक्टच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या जिन्यांची नि संडासांची ड्रॉइंगं काढणारी — आणि रविवारी तीन ते सात, गंगापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, अख्ख्या राज्याची मालकीण! हसू नका. आठवड्यातले तेवढेच चार तास माझं कोणीतरी ऐकायचं.

खेळणारे तिघं. केदार माझ्याच ऑफिसातला, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, तोंडाचा पट्टा सतत चालू. बाकी दोघं पिंपळगाव बसवंतचे, म्हणजे तिथल्या एका पॅकहाऊसमध्ये कामाला. त्यांच्या नव्या शेडचं ड्रॉइंग आमच्याकडे होतं, तिथे ओळख झाली. संपदा द्राक्षांची प्रतवारी बघायची. तिचे वडील बैलबाजारात दलाल, त्यामुळे बोलण्यात हार जाणार नाही अशी पोरगी. आणि दत्तू. कोल्ड स्टोअरमधलं तापमान नोंदवायचं काम त्याचं. मूळचा पेठकडचा, डोंगरातला. आईवडील हंगामात इकडच्या बागांवर मजुरीला यायचे, हा शिकला आणि इथेच राहिला. बोलणं मोजकं. दर रविवारी संपदाला मोटारसायकलवर मागे बसवून आणायचा, आणि एक्सपोर्टमधून बाद झालेल्या द्राक्षांची पिशवी माझ्या ओट्यावर मुकाट्याने ठेवायचा.

आता माझा राक्षस. सर्वश्रवा. दोन वर्षं मी त्याच्यावर मेहनत घेतली होती, दोनशे पानी वही भरली होती. त्या राज्यात कुठेही, कोणीही, कितीही हळू बोललेला शब्द त्याला ऐकू जायचा. किल्ल्यात असेपर्यंत त्याला मरण नाही. किल्ल्याबाहेर पाऊल टाकलं की मात्र साधा म्हातारा. पण बाहेर येईल कशाला? सगळं तर आत बसून ऐकू येतंय! आणि टेबलावर हे तिघं जे बोलायचे ते मी ऐकायचेच, म्हणजे तोही ऐकायचा. त्यांनी बेत केला की मोडला, बेत केला की मोडला. संपदा त्याला ‘कान्या’ म्हणायची. ‘ताई, तुमचा कान्या लय चाप्टर हाय!’ असं ती चिडून म्हणाली की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. काय सांगू, स्वयंपाकाची तारीफ झाल्यावर झाल्या नसतील एवढ्या.

मग एका रविवारी संपदाने पिशवीतून टॉवेल काढला. टेबलावर पसरला, स्वतःचा हात त्याखाली घातला आणि दत्तूला म्हणाली, ‘घाल हात.’

बैलबाजार तुम्ही पाहिला असेल तर कळेल. तिथे चांगल्या जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून सौदा ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी पन्नासांना पत्ता लागत नाही. संपदा लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ते शिकली होती. आता तिने त्यातून स्वतःची भाषा बनवली — कुठलं बोट म्हणजे काय, तळहात घासला म्हणजे काय. तिघांनी रुमालाखाली बोटं दाबत अख्खा तास काढला, आणि तोंडाने? तोंडाने माझ्या सोफ्याच्या कव्हरांची चर्चा! मी समोर बसलेली, राज्याची मालकीण, आणि मला एक अक्षर कळेना. शब्दच नाही तर कान्या ऐकणार काय? दत्तू त्या दिवशी हसला होता. मोठ्याने, दात दाखवून.

इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. खेळाचे सगळे कागद माझ्याकडे राहायचे, एका लोखंडी पेटीत. पॅकहाऊसच्या खोलीवर कागद हरवायचे, केदारच्या घरी त्याची भाची त्यावर चित्रं काढायची. मग प्रत्येकाची वही पेटीत, किल्ली माझ्याकडे, आणि सूत्रधाराने वह्या उघडायच्या नाहीत. नियम मीच केलेला. त्या संध्याकाळी संपदाने वही पेटीत ठेवली. केदार म्हणाला, अगं, ताईंकडेच ठेवतेस? ती म्हणाली, ‘ताई नाय बघणार.’ एवढंच. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही तिने, इतकी खात्री!

बुधवारी मी जेवायला घरी आले. घरात कोणी नव्हतं. खोडरबर शोधायला पेटी उघडली, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. वही बघायलाच उघडली. हात धुतलेलेही नव्हते. पानाच्या कोपऱ्यावर वरणाचा डाग पडला, तो मी ओल्या बोटाने पुसला.

बेत वाचला आणि — खरं सांगू? — मी एकटीच टाळी वाजवून हसले. इतका सुरेख होता! एक दिवस अख्खं राज्य गप्प बसणार होतं. कुठल्याच गावात, कुठल्याच घरात एक शब्द निघणार नाही. निरोप बाजाराबाजारांतून रुमालाखालून जाणार. आयुष्यभर सगळं ऐकणाऱ्याला अचानक काहीच ऐकू आलं नाही तर तो काय करेल? घाबरेल. मेले की काय सगळे, असं वाटेल त्याला. बघायला स्वतः बाहेर येईल. बाहेर आला की संपला! तलवार नाही, जादू नाही. मी दोनशे पानं खर्ची घातली होती आणि या चोवीस वर्षांच्या पोरीने एका टॉवेलात त्याला बांधून ठेवला.

टाळी वाजवली, आणि मग मला राग आला. कसला राग? मत्सरच, दुसरं नाव देऊन काय उपयोग. शेवटची लढाई मी वर्षभर रचून ठेवली होती. ती आता कोणी खेळणारच नव्हतं.

पुढच्या रविवारी चहाच्या वेळी मी बाल्कनीत उभी होते. दत्तू आला. कठड्याला टेकला. मग म्हणाला, ‘ताई, आज खेळ झाला की संपदाला विचारणार हाय. लग्नाचं.’ तिच्या घरचे सहजासहजी हो म्हणणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. ‘ते मागून बघू. आधी तिला तर विचारतो. तुम्ही कोणाला बोलू नका.’ मी म्हटलं, नाही बोलणार. त्याच्या कपाळावर घाम होता. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. वही उघडली होती त्याच हाताने, हो.

आत आलो, खेळ सुरू झाला. आणि मी सांगितलं, की सर्वश्रव्याचे शिपाई प्रत्येक बैलबाजारात उतरलेत, दवंडी पिटवली आहे: आजपासून रुमालाखाली ज्याचा हात दिसेल त्याची बोटं छाटली जातील. शिवाय त्याने किल्ल्यात शंभर कैदी आणून बसवलेत, ते दिवसरात्र पाळीपाळीने बोलत राहणार आहेत. बाहेर कितीही शांतता झाली तरी आता त्याला फरक पडणार नाही.

संपदाचा चेहरा मला आजही दिसतो. ‘त्याला कसं कळलं?’ ती म्हणाली. ‘आम्ही तोंडातून शब्द नाय काढला.’

त्याच क्षणी सांगता आलं असतं. नाही का? ‘मी वही वाचली, चुकलं माझं, हे रद्द.’ पाच सेकंदांचं काम. थोडी आरडाओरड झाली असती, केदारने महिनाभर माझी टर उडवली असती, आणि द्राक्षं खाऊन सगळे घरी गेले असते. मी फासा हातात घोळवत बसले.

केदारच म्हणाला, ‘कोणीतरी फुटलंय.’ आणि मग, ‘दत्त्या, मघाशी बाल्कनीत ताईंशी काय गुलुगुलु चाललं होतं रे?’

आता बघा. फितूर शोधायचा तर पहिला केदार नको का? रोज आठ तास माझ्या शेजारी बसणारा? पण त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. बघितलं दत्तूकडे. तो कमी बोलायचा म्हणून. आणि पेठकडचा होता म्हणूनही. हे आमच्यातलं कोणी कधी कबूल केलं नसतं, पण आळ त्याच्यावर ठेवताना कोणाला जडही गेलं नाही. मलाही नाही.

संपदाने विचारलं, ‘दत्तू, काय बोलत होतास?’ तो म्हणाला, ‘नंतर सांगतो.’ ती म्हणाली, ‘आत्ता सांग.’ कसा सांगणार तो? केदारसमोर, या भांडणात, त्या टेबलावर? त्याने माझ्याकडे बघितलं. विनवणी वगैरे नाही, अगदी साधं बघितलं. ताई सांगतील की खेळाचं काही बोलणं झालं नाही, इतकंच त्याला वाटलं असणार.

आणि मी हसून म्हणाले, ‘खबऱ्याचं नाव कोणी सांगतं का?’

म्हणाले मी असं. हसत. फासा टेबलावर टाकत.

दत्तू उठला. हेल्मेट घेतलं. दारात क्षणभर थांबला, चपला घालायला. संपदा उठली नाही. तिला केदारने स्टँडवर सोडलं. दोन रविवार कसाबसा खेळ झाला, सरळ किल्ल्यावर हल्ला करून दोघं मेले, आणि माझा सर्वश्रवा जिंकला. त्यानंतर कोणी आलं नाही. दत्तूने महिन्याभरात नोकरी सोडली. गुजरातेत कुठेतरी गेला म्हणे. मी चौकशी केली नाही. करता आली असती.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडलाच एका दुकानात संपदा भेटली. विंचूरला दिली आहे तिला. अंगाने भरली आहे, पाच वर्षांची मुलगी बरोबर. मला बघून केवढी आनंदली! जुन्या खेळाच्या गप्पा निघाल्या, आणि मुलीच्या बुटाची नाडी बांधायला वाकलेली असताना, मान वर न करता ती म्हणाली, ‘तो फितूर आठवतो का ताई? बरं झालं, येळेवर कळलं. नायतर मी काय करून बसले असते, देवालाच ठाऊक.’ नाडी बांधून झाली होती. तरी ती बराच वेळ वाकूनच होती.

मी म्हटलं, ‘जाऊ दे गं.’ खरं दुसऱ्यांदा लपवलं. सात वर्षांपूर्वी निदान अचानक घडलं असं म्हणायला जागा होती. या वेळी तीही नव्हती.

इतकं सांगितलं आणि तुम्हाला वाटलं असेल, झालं, संपलं. नाही. एक राहिलंय, मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

बुधवारी वहीत फक्त बेत नव्हता. बोटांच्या खुणांची यादी होती, आणि तिच्याखाली संपदाच्या बारीक अक्षरात, खेळाशी संबंध नसलेल्या दोन ओळी: ‘दत्तूच्या हाताला घाम येतो, त्याच्या बाजूने रुमाल ओला होतो. हा कधी विचारणारच नाही का?’

हे मी बुधवारी वाचलं होतं. रविवारी तो बाल्कनीत बोलला. तिच्या मनातलं त्याला माहीत नव्हतं आणि त्याच्या मनातलं तिला. दोन्हीकडचं माहीत असलेली त्या खोलीत मी एकटी होते, आणि तरी मी ते खबऱ्याचं म्हणाले.