पायाळू बाईची लाथ

मी पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. पायाळू माणसानं लाथ मारली की कमरेत भरलेली उसण जाते, असं सगळे मानायचे. सत्तर सालाच्या आसपास कोल्हापूरहून लग्न होऊन कबनूरला आले आणि हे गल्लीत कळलं. मग काय, तव्यावर भाकरी असली तरी उठायचं आणि कुणाच्या तरी पाठीला पाय लावायचा. वीट आला होता नुसता.

शेजारचे भाऊजी यंत्रमागावर कामाला होते. सुट्टीदिवशी मटण रेटून खायचे आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून माझ्या दारात. लाथ बसली की मोठा ढेकर द्यायचे आणि म्हणायचे, "उतरलं बघा, वैनी!" ढेकर दिल्यावर उतरणारं दुखणं कमरेचं कसं असेल? एकदा मी भडकलेच.

"पोट साफ न्हाय तुमचं, म्हणून कंबर धरती. लाथ कशाला पायजे? हे एरंडेल घ्या आन् गप झोपा!" म्हणत घरातली बाटलीच त्यांच्या हातात दिली.

चार दिवसांत भाऊजी ताठ चालायला लागले. म्हटलं, सुटले एकदाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर तीन-चार बायका एरंडेलाच्या बाटल्या घेऊन उभ्या.

"पायाळूच्या घरचं तेल म्हणून त्यास्नी गुण आला. आमच्याबी बाटलीला जरा पाय लावा की, वैनी."