दिन्याचा सोमवार

आमच्या करडी गावात नवा शब्द जन्माला आला की तो कोणाचा, हे विचारावं लागत नसे. टोळीवाल्या मावशीचाच. वीसेक बायांची रोवणीची, म्हणजे भातलावणीची, टोळी घेऊन ती पावसाळाभर बांध्याबांध्यांतून, धानाच्या खाचरांतून, फिरायची. गुडघाभर चिखल, हातात धानाच्या रोपांची पेंडी आणि तोंड अखंड चालू. कोणाचं काही चुकलं की तिथल्या तिथे शब्द तयार! संध्याकाळी बाया घरी जायच्या, शब्द त्यांच्याबरोबर जायचा आणि आठ दिवसांत पानठेल्यावरची पोट्टीही तो वापरायला लागायची.

एकदा कोणी साहेब आले. पायात नवे कोरे बूट. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून तासभर त्यांनी या बायांना रोवणी कशी करावी ते समजावून सांगितलं. मावशीनं मान वर न करताच विचारलं, "साहेब, तुमी किती साल रोवले?" साहेब गेले, पण 'धुऱ्यावरचा' हा शब्द मागे राहिला. आता टीव्हीपुढे बसून क्रिकेट शिकवणाराही आमच्याकडे धुऱ्यावरचा आणि लग्नात कशाला हात न लावता हुकूम सोडणारा व्याहीही धुऱ्यावरचाच.

गावात मोबाइलचा टॉवर उभा राहिला त्या वर्षी टोळीतली शांताकाकू रोवता रोवता दर पाच मिनिटांनी कंबर धरून सरळ उभी राहायची. "झाली टावर!" मावशी ओरडली. झालं, तेव्हापासून बाकीचे राबत असताना जो नुसता उभा, तो टावर. शांताकाकूला राग-बिग काही आला नाही. उलट पुढे तीच सुनेला टावर म्हणायला लागली.

मावशीचा एक हट्ट होता. शब्दाचा अर्थ सांगून तिचं भागायचं नाही. तो पडला कसा, कोणामुळे पडला, ते सांगायचं. पोरं मोबाइलवरून काहीबाही शिकून यायची. कोणी म्हणालं, "मावशी, लोड नको घेऊ," की हिनं पकडलंच. "लोड पयले कोनं घेतला होता? कुठी?" पोरं सटकायला लागली की ही मागून ओरडायची, "मंग कायले बोलता बे? पावना घरात घेताना त्याचं गाव इचारतो ना आपन?"

आता माझं सांगतो. मी दिनेश, गावात दिन्या. बाबा गेल्यावर दोन एकरांचं धान आईवर येऊन पडलं आणि मी नागपुरात नोकरीला. मावशीच्या टोळीचा रिवाज असा, की घरच्या माणसानं चिखलात उतरून पहिली पेंडी लावायची, मगच बाया उतरणार. आईचे गुडघे गेलेले. म्हणजे मीच यायला हवं होतं. मी फोनवर सांगितलं, "मावशी, सोमवारी येतो." पहिल्या सोमवारी खरंच काम निघालं. दुसऱ्या सोमवारी मित्राच्या नव्या घराची पार्टी होती. तिसऱ्या सोमवारी, खोटं कशाला बोलू, नुसता कंटाळा आला.

इकडे वाफ्यातली रोपं पिवळी पडायला लागली. शेवटी आईनंच हट्ट धरला. चार बायांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून बांधीत नेलं. खुर्चीचा एक पाय चिखलात रुतला, खुर्ची कलली, तशीच आई वाकली आणि तिनं पहिली पेंडी लावली. रोवणी झाली. आई मला एका शब्दानंही बोलली नाही. मावशी बोलली, आणि दोनच शब्द बोलली. 'दिन्याचा सोमवार.' म्हणजे कधीच न उगवणारा दिवस.

हा शब्द कुठवर जावा! एकदा तुमसरच्या स्टँडवर मी एका चणेवाल्याला विचारलं, नाकाडोंगरीची गाडी कधी येईल? तो म्हणाला, "ते? ते येते दिन्याच्या सोमवारी."  मी साळसूदपणे विचारलं, हा दिन्या कोण? "काय मालूम बाप्पा. असन कोनी लबाड."

मी तडक मावशीचं घर गाठलं. "मावशी, वापस घे तो शब्द. मले पोरीचं लगन कराचं आहे." माझी पोरगी तेव्हा तिसरीत होती, पण मला तेवढंच सुचलं. मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मी कुठून वापस आनू रे? तो आता गावाचा झाला. पन एक कर. त्या चनेवाल्याले सांग, तो दिन्या मीच. काहून पडला तेही सांग. मंग पाह्य, कसा हलका होशीन."

"मावशी, हे आपल्यानं नाही होत."

"मंग फिर लपत."

लपतच फिरलो. पुढच्या वर्षापासून एकही रोवणी चुकवली नाही. शनिवारीच येऊन धडकायचो, सोमवारची जोखीम कोण घेणार! माझ्या ओळी वाकड्या व्हायच्या आणि मावशी काही न बोलता मागून नीट करत यायची. डब्यातली आंबाडीची भाजी आधी माझ्या ताटात वाढायची. आणि दरवर्षी न चुकता विचारायची, "सांगतलं का बे कोनाले?" मी नाही म्हणून मान हलवायचो. फार जीव होता माझा त्या बाईवर. तरी तेवढं एक तिच्यासाठी माझ्याच्यानं झालं नाही.

यंदा संक्रांतीच्या आधी मावशी गेली. दोन दिवसांचा ताप, बस. तेरवीला पंगती उठल्यावर तिच्या भाच्यानं मंडपवाल्याला विचारलं, मंडप कधी सोडतोस? मंडपवाला दुसऱ्या गावचा, शहापूरचा. हसत म्हणाला, "दिन्याच्या सोमवारी." भांडी घासणाऱ्या टोळीतल्या बायांचे हात थांबले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. बाजूच्या खाटेवर आई बसली होती.

"तो दिन्या मी," मी म्हणालो. आणि मग सगळंच सांगितलं. तीन सोमवार, पार्टी, पिवळी रोपं, चिखलात रुतलेली खुर्ची. तिसऱ्या सोमवारी काम-बिम काही नव्हतं, घरी लोळत पडलो होतो, हेही. आईला ते मी कधीच सांगितलं नव्हतं. तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

मंडपवाला आ वासून बघत राहिला. "म्हंजे खराच मानूस आहे का हा! आमच्याकडे तं तुमाले जुन्या जमान्यातला बुढा समजतेत."

बाया खो खो हसल्या. आईही हसली. म्हणाली, "तिसऱ्या सोमवारचं मले तवाच मालूम होतं रे. मावशीले मीच सांगतलं होतं."

मला रडूच कोसळलं. बाया हसत होत्या आणि तो मंडपवाला बिचारा काही न कळून माझ्या पाठीवरून हात फिरवत होता.