परत आलेली पेटी बाबांची नव्हती

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

बाबांची हार्मोनियम मी ऑनलाइन लिलावाच्या एका साइटवर विकली होती. उरणच्या गावी भजनात आयुष्यभर वाजवलेली पेटी, पण आता त्यांची बोटं चालत नाहीत. इथे पनवेलात दुकानदाराने भंगाराचा भाव सांगितला. साइटवर मात्र मी कुकर लावेपर्यंत बोली चढलेली असायची. खूश होते हो मी!

ज्याला पेटी मिळाली त्याने लिहिलं, "ताई, मुलीला शिकायचीय." बाबांनी पाठवण्याआधी भात्याला हळदकुंकू लावलं. म्हणाले, "चांगल्या घरी चालली हाय."

पेटी पोचल्यावर त्याने 'खराब निघाली' अशी तक्रार केली. साइटने त्याचे पैसे परत केले आणि आज पेटी घरी आली. बाबांनी खोक्यात नुसता हात फिरवला.

"ही आपली नाय."

भाता फाटलेला, त्यावर आमचं हळदकुंकू नाही, अर्ध्या पट्ट्या मुक्या. साइटवाल्यांना फोन केला, तर कुंकू हा पुरावा होत नाही म्हणे! पेटी गेली ती गेलीच, पण मुलीचं नाव सांगून फसवलं, ते जास्त लागलं.

रागाने खोका बंद करत होते, तर बाबांनी हात धरला. या पेटीलाही कुंकू होतं. झाकणावर, वाळून काळं पडलेलं. आम्ही तिथे कधीच लावत नाही.

म्हणजे हीसुद्धा कुणीतरी अशीच, चांगल्या घरी चालली म्हणून पाठवलेली.

फोटो टाकलाय. तुमच्यापैकी कुणाची आहे का ही?