तिसरा भाग माझ्याकडेच होता

आमच्या उज्जैनमध्ये जुनं मराठी पुस्तक मिळणं सोपं नाही. फ्रीगंजच्या दुकानांत हिंदी मिळेल, इंग्रजी मिळेल, मराठी मागितलं तर दुकानदार पंचांग काढून देतो. म्हणून आम्ही पाच घरांनी एक साखळी केली आहे. कुणाकडे चांगलं पुस्तक आलं की ते कापडी पिशवीतून घरोघर फिरतं. प्रत्येक घरी पंधरा दिवस. पिशवी रिकामी पुढे द्यायची नाही, सोबत खाण्याचा डबा हवाच, हा नियम कुणी केला ते आठवत नाही, पण पुस्तक उशिरा आलं तर आम्ही चालवून घेतो आणि डबा विसरला तर महिनाभर बोलतो.

दोन वर्षांपूर्वी साखळीत एक तीन भागांची जुनी कादंबरी आली. पानं पिवळी पडलेली, शिवण सुटत आलेली. दुष्काळात गावातल्या एकाच विहिरीला पाणी उरतं आणि तिचा मालक भिंत घालून दाराला कुलूप लावतो, अशी गोष्ट. पहिल्या भागात तो कुलूप लावतो. दुसऱ्या भागात गाव तडफडतं आणि हा दारापुढे खाट टाकून झोपतो. दुसरा भाग अशा ठिकाणी संपतो की वाचणाऱ्याने लेखकाला शिव्या घालाव्यात. मी घातल्या.

तिसरा भाग माझ्याकडे आला तो बेसनाच्या लाडवांसह. मी तो चार दिवसांत संपवला आणि मग पुढे दिला नाही.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. मराठी मंडळाच्या महिन्याच्या सभेत मला याच कादंबरीवर बोलायचं होतं. विषयही मीच सुचवलेला, लोभी माणसाचा पश्चात्ताप. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, बोलायला मी भीत नाही. भीती होती ती साखळीत माझ्यानंतर असलेल्या काकांची. देवास गेटजवळ राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले. कुणाचंही भाषण संपलं की काका उठत आणि म्हणत, "छान झालं, पण एक गोष्ट राहिली." राहिलेली ती गोष्ट नेमकी भाषणाचा कणा असायची. घरी जाताना लोक काकांचंच बोलत. एकदा तरी सगळ्या सभेत शेवट फक्त मला माहीत असावा, असं मला वाटत होतं. माझ्याआधीच्या, पहिल्या घरी वाचून झालं होतं, पण त्या बाई सभेत कधी तोंड उघडत नाहीत. उरले काका.

तीन आठवडे झाले. सभा रविवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी काका मला फ्रीगंजमध्ये चष्म्याच्या दुकानाबाहेर भेटले. हातात नवं भिंग होतं.

"कशी आहेस बेटा? तिसरा भाग आला का गं तुझ्याकडे?"

"नाही हो काका," मी म्हटलं, "अजून पहिल्याच घरी अटकलाय."

काकांनी माझ्याकडे जरा बघितलं. मग म्हणाले, "ठीक है. पण मी शनिवारी पुण्याला चाललोय. मुलगा न्यायला येऊन राहिला आहे. आता तिकडेच, कायमचं. आधी जमलं तर बघ. डोळे भी आता फार दिवस साथ देतील असं डॉक्टर म्हणत नाही."

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. रविवारी काका सभेत नसणार! हा विचार मनात आला आणि मी चक्क हसले. घरी, माधव नगरात, पोचेपर्यंत ते हसू टिकलं. पिशवी कपाटात साड्यांखाली होती. ती काढून भाषणाचे मुद्दे लिहायला बसले. पहिला मुद्दा लिहिला, "स्वतःला गरज नसताना दुसऱ्याला पाणी न देणे." लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पुस्तक माझं वाचून झालेलं होतं. मला त्याची काडीची गरज नव्हती. मला माझाच राग आला, आणि रागात मी उगाच कामवाल्या बाईंना भांडी नीट घासली नाहीत म्हणून बोलले. भांडी लख्ख होती.

जुन्या कादंबऱ्यांत पश्चात्ताप मोठ्या थाटात येतो. वीज कडाडते, माणूस देवळाच्या पायरीवर कोसळतो. माझा बुधवारी दुपारी दोन वाजता ऑटोत बसून देवास गेटला गेला, एका हातात पिशवी आणि मांडीवर गरम पोह्यांचा डबा. वाटेत तीन सबबी तयार केल्या. काकांनी दार उघडलं आणि तिन्ही मी विसरले.

"काका, तिसरा भाग माझ्याकडेच होता. तीन आठवडे. मी खोटं बोलले."

"मालूम आहे," काका म्हणाले. "बस."

"कसं मालूम?"

"अगं, पहिल्या घरच्या बाईंचा फोन आला होता. तू लाडवांची तारीफ करायला त्यांना फोन केलास म्हणे. लाडू पोचले आणि पुस्तक मागेच राहिलं, असं आपल्या साखळीत कधी झालंय?"

मी इतकी ओशाळले की पोह्यांचा डबाही द्यायचं सुचेना. लपवायचं होतं तर लाडवांचं कौतुक कशाला करायचं! पण लाडू खाऊन फोन न करणं हे माझ्याच्याने होणारं नव्हतं.

"मग दुकानापाशी बोलला का नाहीत?"

"तू आपणहून येतेस का ते पाहत होतो. नसतीस आली तर शुक्रवारी मीच आलो असतो. एवढा काही मी साधू नाही."

तीन दिवसांत दीडशे पानं भिंग धरून वाचणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून मी वाचायचं ठरलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही दुपारी मी मोठ्याने वाचलं. अर्ध्या बांधलेल्या खोक्यांमध्ये एक खुर्ची त्यांची, एक माझी. काका गप्प बसून ऐकणारे नव्हतेच. विहिरीचा मालक एका लहान मुलीला घोटभर पाणी देतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लावून घेतो, तिथे ते टाळी देत म्हणाले, "बरोबर लिहिलंय. माणूस थोडा सुधारतो, मग परत बिघडतो. तू भी अजून एखादा लाडू लपवशील बघ." मी लपवणार नाही असं म्हटलं नाही. त्या तीन दुपारी मी फार सुखात होते. भाषणांत मला इतकं सुख कधी मिळालं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं प्रकरण उरलं. अठरा पानं. वेळ होता. मी पान उलटलं तर काकांनी पुस्तकावर हात ठेवला.

"हे आज नको."

"काका, सकाळी गाडी आहे तुमची. साखळीतलं पुस्तक गावाबाहेर जात नाही, ते पुढच्या घरी जाणार."

"मग मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव. दर रविवारी फोन करून थोडं थोडं वाच." मग खाली बघत म्हणाले, "तिकडे माझी ओळख फक्त मुलाची आणि सुनेची. दोघं दिवसभर ऑफिसात. शेवट आजच ऐकला तर मला फोन कोण करणार आणि कशासाठी? हा माझा स्वार्थ आहे, समज."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अठरा पानांचे फोटो काढले. शनिवारी पुस्तक चकल्यांच्या डब्यासह पुढच्या घरी पोचवलं. रविवारी सभेत बोलले, पण शेवट सांगितला नाही. तो आधी एका माणसाला ऐकायचा आहे, आणि का, तेही सगळं सांगून टाकलं. लोक पोट धरून हसले. लाडवांपाशी सगळ्यात जास्त.

याला दोन वर्षं होत आली. दर रविवारी दहा वाजता मी फोन करते. काकांना आता अजिबात दिसत नाही. आधी पुण्याच्या हवेचं बोलणं होतं, मग माझ्या गुडघ्यांचं, मग वाचन. कधी अर्धं पान, कधी चार ओळी. काका अधूनमधून विचारतात, "किती राहिलं गं?" मी म्हणते, "खूप आहे अजून."

दीड पान राहिलं आहे. गेल्या रविवारी मी एकच ओळ वाचली आणि खोकला आल्याचं सांगून थांबले. काका म्हणाले, "हां, खोकला आहे तर नको वाचू." मला खोकला नव्हता, हे त्यांनाही मालूम होतं.