वहिनींना न दिलेलं मत

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, आमच्या घराची दुसरी किल्ली समोरच्या घरी असते. दोन वर्षांपूर्वी बायको भारतात गेलेली असताना माझ्या छातीत दुखायला लागलं. समोरचा मित्र त्याच किल्लीने दार उघडून आत आला आणि मला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. इथे आम्हाला हक्काचं म्हणावं असं ते एकच घर. त्यामुळे त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, काउंटी बोर्डासाठी, इथल्या जिल्हा परिषदेसाठी, पक्षाच्या उमेदवारीची प्रायमरी निवडणूक लढवायचं ठरवलं तेव्हा मी लगेच पाठिंबा दिला.

बायकोने तर संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्या प्रचारालाच जोडून टाकलं. वहिनी थोडं बोलल्या, तिळगूळ झाला. निघताना बायकोने त्यांची ओटी भरली आणि लाडवांचा स्टीलचा डबा हातात दिला.

"डबा जिंकूनच परत करायचा हं," ती म्हणाली. सगळ्याजणी हसल्या.

मग त्यांचं पत्रक माझ्या हाती आलं. नव्या घरांना परवानगी दिली तरी शाळांमध्ये जागा पुरेल, असं त्यात लिहून शिल्लक जागांचा आकडा दिला होता. आकडा दिसला की तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. काउंटीच्या साइटवरचा अहवाल उघडला. शाळेमागे तात्पुरते उभे केलेले, चाकांवरच्या खोल्यांचे ट्रेलरसुद्धा पत्रकात पक्क्या वर्गखोल्या म्हणून धरले होते. ते तर जागा कमी पडली म्हणूनच आणलेले.

वहिनींना सांगितलं.

"भाऊजी, एवढं बारीक कोण बघतं? तुम्ही सोडून? निवडून आल्यावर करेक्ट करू."

पुढच्या पत्रकात आकडा तोच, फक्त अक्षरं मोठी.

लायब्ररीतल्या सभेत मी तोच प्रश्न त्यांच्या विरोधातल्या बाईंना विचारला. "मला माहीत नाही, बघून कळवते," त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी ईमेल आली, ट्रेलर वगळून. आकडा माझ्या आकड्याशी जुळला. माझं मत तिथेच फिरलं. मी बायकोला सांगितलं.

"ओटी भरलीय मी त्यांची," बायको म्हणाली. "द्या गुपचूप कोणालाही. आत कोण बघतंय?"

कोणी बघत नाही, हे खरं. पण त्यानंतर रोज समोरून हात करायचा, हसायचं, हे मला निभावलं नसतं. आणि सांगितलं तर? पुन्हा छातीत दुखलं तर फोन कोणाला करायचा?

अर्ली व्होटिंगला, म्हणजे मुख्य दिवसाआधीच्या मतदानाला गेलो, तर मतदान केंद्राबाहेर प्रचाराची हद्द जिथे संपते तिथे मित्रच पत्रकं वाटत उभा. थंडीने नाक लाल झालेलं.

"या साहेब! आपल्या माणसाला कागद कशाला? चहा घे." त्याने थर्मासचं झाकण भरून पुढे केलं.

"आधी एक सांगतो," मी म्हणालो. "मी वहिनींना मत देणार नाहीये. त्या ट्रेलरच्या आकड्यामुळे."

"यार, सकाळी सकाळी जोक नको." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "सीरियसली? ट्रेलरसाठी?"

"हो."

पुढे केलेला चहा त्याने स्वतःच पिऊन टाकला. "जा. लाइन वाढतेय."

वहिनी हरल्या. फरक एका मताचा नव्हता, मी निकाल पाहिला. भीती त्याने तसूभरही कमी झाली नाही. समोरचं गॅरेज उघडलं की मी पडद्याआड व्हायचो, आणि हात आपोआप छातीवर जायचा.

शनिवारी पायरीवर आमचा डबा ठेवलेला दिसला. बेल कोणी वाजवली नव्हती. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत; घरात काही नसेल तर साखर तरी घालतात. बायकोने झाकण काढलं. तळाशी चमचाभर साखर होती.

"रिकामा नाही पाठवला," ती म्हणाली.

मी डबा तिच्या हातून घेतला आणि साखरेत बोट फिरवून पाहिलं. किल्ली नव्हती. ती अजून समोरच्या घरीच होती.