केसरमावशींचं ‘पाहिलं’

केसरमावशी फोनवरचं बटण दाबण्याआधी पायातल्या चपला काढायच्या. चिखल असो, गवत असो, दगडगोटे असोत. चपला बाजूला ठेवून त्या जागेवर दोन्ही पाय रोवायच्या, टाच जराशी दाबून बघायच्या आणि मग अंगठा लुगड्याला पुसून फोन समोर धरायच्या. आयुष्यभर मासळी साफ करून अंगठा इतका राठ झालेला, की फोनच्या काचेला तो कळायचाच नाही. मग त्या मधल्या बोटाचं पेर टेकवायच्या. ‘पाहिलं’ असं लिहिलेलं ते बटण हिरवं झालं की म्हणायच्या, "झालं. आता माझं नाव लागलं."

त्या नावाबद्दलच मला लिहायचं आहे. ते नाव मी खराब केलं. केसरमावशी जाऊन दोन वर्षं झाली, तरी अगदी अलीकडेपर्यंत कोळीवाड्यात अनेकांना खरी गोष्ट ठाऊक नव्हती. आता मी पंचाहत्तरीला आलो आहे आणि यातलं काही लपवण्यात अर्थ नाही.

मी विश्वास सावंत. वडील गिरणीत होते, मी एका खासगी कचेरीत नकाशे काढायचं काम केलं. निवृत्तीनंतर बोरिवलीच्या घरात बसून वेळ जाईना, तेव्हा श्रुती नावाच्या मुलीने मला तिच्या कामात ओढलं. ती पवईला शिकलेली, तिशीच्या आतली, फार बोलणारी. उपग्रहावरून काढलेले खाडीचे फोटो ती कंप्युटरला दाखवायची आणि कंप्युटर त्यावर रंग भरायचा. कांदळवन हिरवं, चिखल तपकिरी, पाणी निळं, मोकळी पडीक जागा राखाडी. तो नकाशा वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुला होता. कुठे कांदळवनात भराव पडतोय, कुठल्या गल्लीत भरतीचं पाणी शिरेल, हे कोणालाही बघता यावं म्हणून.

श्रुतीने एक नियम केला होता. कंप्युटरने सांगितलेली कुठलीही खूण, त्या भागातला माणूस जागेवर जाऊन ‘पाहिलं’ म्हणेपर्यंत खरी धरायची नाही. आणि ज्याने पाहिलं त्याचं नाव, त्याला विचारून, खुणेखाली लिहायचं. "काका, मशीन अंदाज करतं," ती म्हणायची. "साक्ष माणसानेच द्यायची."

हा नियम तिला सुचला तो केसरमावशींमुळे. पहिल्यांदा आम्ही लॅपटॉप घेऊन खाडीकाठच्या कोळीवाड्यात गेलो, तेव्हा त्या ओट्यावर बोंबील निवडत बसल्या होत्या. श्रुतीने मोठ्या उत्साहाने फोटो दाखवला. मावशींनी मान तिरकी करून बराच वेळ बघितलं.

"ह्ये वरून काढलंय?"

"हो मावशी, आकाशातून."

"मग खालून कोन बघनार?"

श्रुती हसली, पण परतीच्या रिक्षेत तिने तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. पुढच्या आठवड्यात तिने तो नियम लिहून काढला आणि पहिली साक्षीदार म्हणून केसरमावशींनाच विचारलं. फोनमध्ये त्यांचं खातं मी उघडून दिलं. त्याचा परवलीचा शब्दही मीच ठरवला, माझ्या वहीत लिहून ठेवला. हे लक्षात ठेवा.

सुरुवातीलाच एक प्रकार झाला. खाडीच्या एका वळणावर कंप्युटरने चांगलं दाट हिरवं दाखवलं होतं. श्रुती खूश. मावशी तिथे गेल्या, मी मागोमाग. लांबून खरंच हिरवंगार. मावशींनी चपला काढल्या, दोन पावलं टाकली आणि झटकन पाय उचलला. खाली विटांचे तुकडे, फरशा, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स. कोणीतरी ट्रकने राडारोडा आणून कांदळवनावर ओतला होता आणि त्यावर दुधीचा वेल माजला होता.

"हिरवं दिसलं म्हंजे जितं असतं काय रं?" मावशी म्हणाल्या. मग वेलाचा एक दुधी तोडून माझ्या पिशवीत घातला. "घे. बायकोला सांग, मशीनने दिलाय."

त्या एका खुणेवरून तक्रार झाली, ट्रक बंद झाले, राडारोडा उचलला गेला. आज तिथे रोपं गुडघ्यापर्यंत आली आहेत.

पुढे श्रुतीने उधाणाचा इशारा फोनवरून द्यायचं ठरवलं. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी भरती चढते आणि काठावरच्या टोपल्या, जाळी वाहून नेते. इशारा कोणाच्या आवाजात द्यायचा? बायका म्हणाल्या, केसरमावशींच्या. त्यांचं थोडं बोलणं टिपून घेतलं तर त्यावरून कंप्युटर नवी वाक्यं त्यांच्याच आवाजात बनवणार होता. श्रुतीने हे त्यांना नीट समजावून सांगितलं. मावशी हातातला बोंबील तसाच धरून विचार करत राहिल्या.

"म्हंजे मी मेल्यावर पन मी बोलनार?"

"तुम्ही हो म्हणालात तरच. आणि नको वाटेल तेव्हा बंद."

"बोलू दे. पन माझ्या तोंडून खोटं बोलवू नका. तेवढं लिव."

श्रुतीने ते लिहिलं. मी शेजारी बसलो होतो. साक्षीदार म्हणून खाली सही माझी आहे.

आता माझी गोष्ट.

गणपतीचे दिवस होते. सोमवारी आमचा नकाशा एका नियोजन कार्यालयात द्यायचा होता. कांदळवनाच्या भागाला संरक्षण मिळण्यासाठी ते गरजेचं होतं. तेवीस खुणांची पडताळणी राहिली होती आणि मावशी गौरीसाठी माहेरी, खारदांड्याला गेलेल्या. मी फोन केला. मागे बायकांची गाणी, हसणं.

"मावशी, तेवीस जागा राहिल्यात. सोमवारी द्यायचंय."

"गौर उठू दे रं भाऊ. मंगळवारी येते, दोन दिसांत समद्या बघते."

"मंगळवारी उशीर होईल."

"मग तेवीस सोडून दे. नाय बघितलं तर नाय बघितलं."

मी बरं म्हणालो. फोन ठेवला. चहा घेतला. मग वही उघडून त्यांच्या खात्यात शिरलो आणि बसल्या जागेवर तेवीस वेळा ‘पाहिलं’ दाबलं. पायात घरातल्या सपाता होत्या. दहा मिनिटंही लागली नाहीत.

त्यातल्या बावीस खुणा बरोबर निघाल्या. एक चुकली. ते कोळीवाड्याचं खळं होतं, मासळी सुकवायचं मैदान. पावसाळ्यात बांबू आणि दोऱ्यांच्या वलांडी, ज्यांवर बोंबील टांगतात, त्या उतरवून ठेवतात. फोटो नेमका तेव्हाचा. वर नुसतं गवत. कंप्युटरने राखाडी रंग दिला: मोकळी, वापरात नसलेली जागा.

त्या खळ्यावर मी थंडीत कितीतरी वेळा गेलो होतो. डोक्यावर बोंबलांच्या ओळी, खाली पाटावर मी, हातात मावशींनी दिलेला चहा. सारा जन्म नकाशे काढलेल्या माणसाला वरून ती जागा ओळखू आली नाही, कारण मी बघितलंच नाही. मी फक्त मोजत होतो, किती उरल्या.

काही महिन्यांनी खळ्यावर गाड्या उभ्या करायचा तळ करण्याची योजना आली. सुनावणीला कोळीवाडा लोटला. अधिकारी माणूस सभ्य होता. त्याने आवाज न चढवता एक छापील कागद वर धरला. "ही जागा वापरात नाही असं तुमच्याच संस्थेचा नकाशा सांगतो. खाली नाव आहे. केसरबाई, स्थानिक मच्छीमार. प्रत्यक्ष पाहिलं."

सगळे वळले. मावशींचा भाचा हरेश त्यांच्या शेजारीच होता. "आत्ये? तू दिलंस खळं?"

मावशींनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी मान वळवून मला शोधलं. मी तिसऱ्या रांगेत होतो, मांडीवर फाइल. उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. मी फाइलची दोरी बांधत राहिलो. बांधलेली सोडून पुन्हा बांधली.

"नाव माझं हाय," मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बाहेर जिन्याशी त्यांनी मला गाठलं. "तू दाबलंस ना?"

"हो."

"मग मंगाशी तोंडात काय मासा व्हता?"

मी म्हणालो, आत जाऊन आत्ता सांगतो. त्यांनी माझा दंड धरला. हाताला बोंबलाचा वास होता. "आता नको. आता सांगशील तर बोलतील, समदाच नकाशा खोटा. कांदळवनाचे ठिपके पन जातील. पोरीचं काम जाईल." दंड न सोडता म्हणाल्या, "ते कागद पक्के होऊ दे. मग लिवून दे. मी नाय बघितलं ते माझ्या नावावर ठेवू नको."

मी शब्द दिला. आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी कारण कांदळवनाचं दिलं. मी ते माझ्या सोयीसाठी वापरलं.

दीड वर्षाने कांदळवनाचे कागद पक्के झाले. मी लिहून दिलं नाही. श्रुतीला काय वाटेल, बायको काय म्हणेल, असं करत राहिलो. अर्धं खळं आंदोलनाने वाचलं, खाडीकडच्या अर्ध्यावर कुंपण आणि डांबर आलं. मावशींच्या वलांडी त्याच बाजूला होत्या. उरलेल्या अर्ध्यात कोणी त्यांना जागा दिली नाही. बाजारातही बायकांनी पाट्या सरकवून घेतल्या. त्या एकट्या टोकाला बसायच्या. मी जाऊन मासळी घ्यायचो. त्या वजनापेक्षा एक बोंबील जास्त टाकायच्या आणि विचारायच्या, "लिवलंस?"

"लिहितो मावशी, या आठवड्यात."

नंतर नंतर त्यांनी विचारायचंही सोडलं. तरी जास्तीचा बोंबील टाकतच होत्या.

न्युमोनियाने गेल्या. आठ दिवस हॉस्पिटलात होत्या. मी एकदा गेलो, तेव्हा त्या झोपलेल्या होत्या, निदान डोळे मिटलेले होते. पलंगाखाली चपला व्यवस्थित जोडून ठेवलेल्या. तेराव्याला माझ्या मागे एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "चांगली व्हती गं. पन खळं घालवलंन." मी लाडू हातात धरून तिथेच उभा राहिलो.

आवाज मात्र राहिला होता. पुढच्या पौर्णिमेला, सकाळी अकराच्या सुमारास, मी भाजी निवडत असताना टेबलावरचा फोन बोलला. "बायांनो, उधाण हाय. साडेबाराला पानी चढंल. टोपल्या उचला." तोच सूर, ‘बायांनो’वर तोच हेल. बायको आतून म्हणाली, "अगो बाय! केसर इली काय?" आणि मग तिला आठवलं. दर पंधरा दिवसांनी हे होत राहिलं. तीच तीन वाक्यं, फक्त वेळ बदललेली. मला मात्र रोज ऐकू यायचं ते चौथंच: लिवलंस? ते कंप्युटरने बनवलेलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या अमावस्येला पाणी खळ्यात शिरलं आणि पाच-सहा घरांच्या टोपल्या, सुकत घातलेला जवळा, सगळं घेऊन गेलं. श्रुती हादरली. इशारा तर वेळेवर गेला होता. मी हरेशला विचारलं. तो म्हणाला, "निम्म्या बायांनी ते बंद करून टाकलंय, काका. खळं विकनारीचा आवाज कोन ऐकनार, बोलतात."

खरं बोलणारा तो आवाज माझ्यामुळे खोटा ठरला होता.

त्याच दिवशी मी श्रुतीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने तेवीस खुणा उघडल्या, म्हणाली, "काका, मी खोडणार नाही. जुनं तसंच दिसेल, खाली दुरुस्ती येईल. तुम्ही स्वतः टाइप करा." मी तेवीस वेळा टाइप केलं: ही नोंद केसरबाईंनी केलेली नाही. जागा न पाहता विश्वास सावंत यांनी केली. या वेळी पूर्ण संध्याकाळ गेली. मग खळ्याची खूण राखाडीवरून बदलली: मासळी सुकवण्याचं मैदान, अर्ध्या भागावर डांबर. त्या दुरुस्तीने डांबर उखडलं नाही, उखडणारही नाही.

कोळीवाड्याच्या समाजमंदिरात मी उभा राहून हेच वाचून दाखवलं. एक म्हातारी उठून गेली. एक जण म्हणाला, "तवा काय झालंवतं बोलायला?" मी कागदाची घडी घातली. शेवटी श्रुतीने हरेशला विचारलं, आत्याचा आवाज बंद करायचा का. आता ते ठरवायचा हक्क त्याचा.

तो उठून उभा राहिला. "आवाज र्‍हाऊ दे. पन तिच्याआधी एकदा ह्यांचा वाजवा. मशीनने बनवलेला नको. ह्यांनी सोताच्या तोंडाने बोलायचं."

परवाच्या पौर्णिमेला मी अकराच्या आधी खळ्यावर जाऊन उभा राहिलो, कुंपणाजवळ, जिथे मावशींच्या वलांडी असत. चपला काढल्या. जमीन गार होती, आणि टाचेखाली इतकी वर्षं पडलेले माशांचे खवले टोचत होते. वरून ते कुठल्याच फोटोत दिसले नसते.

अकराला साताठ फोन एकदम बोलले. आधी माझा आवाज, घोगरा, मध्येच अडखळणारा: "मी विश्वास सावंत. खळ्याची नोंद मी केली होती. केसरबाईंनी नाही." आणि मग त्या.

"बायांनो, उधाण हाय."

माझ्याकडे कोणी बघितलं नाही. जवळच्या बाईने पदर खोचला आणि खाली वाकून टोपली उचलली.