बिस्किटांच्या रॅकमध्ये भरणारी शाळा

कुत्रा पाळला की घरात दोन गोष्टी साठतात, केस आणि किस्से. केस निदान झाडूने निघतात. किस्से कितीही वाटले तरी शिल्लकच! कांदिवलीच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसलं की कोणीतरी म्हणतंच, "ए, तो क्लासचा सांग ना!"

तर क्लास. आमच्या इथल्या पेट शॉपमध्ये दर रविवारी सकाळी कुत्र्यांचा ओबीडियन्स क्लास भरायचा. मी माझ्या चकलीला घेऊन जायचे, शेजारचे सावंत काका त्यांच्या बंड्याला. माझं मत ठाम आहे आणि ते कोणी बदलू शकत नाही: दुकानात कुत्रा काही शिकत नाही. दुकानात शिकतो तो मालक, आणि शिकतो काय तर खरेदी!

चकली आमच्याच गल्लीतली, गरीब स्वभावाची. बंड्या म्हणजे दांडगा लॅब्रेडोर. काकी गेल्यावर काकांनी बोलणंच टाकलं होतं, म्हणून त्यांच्या मुलाने, निलेशने, तो आणला. काका परत बोलायला लागले. सगळ्यांशी नाही, बंड्याशी. मग एक दिवस बंड्याने मांजर बघितलं आणि काकांना जिन्यावरून खेचत नेलं. मनगट सुजून हे एवढं! निलेशने तिथेच सांगून टाकलं, "बाबा, बास झालं. क्लास पास झाला तर राहील. नाहीतर गावाला, मालवणात, वाडीवर."

माझ्यासाठी क्लास हा रविवारचा टाइमपास होता. काका मात्र शनिवारपासूनच बंड्याची उजळणी घ्यायचे.

*

शिकवायला होते रॉनी सर. टी-शर्टावर मागे मोठ्या अक्षरात ‘ट्रेनर’. पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "सर, ह्याच्या आधी किती कुत्रे शिकवलेत?"

रॉनी सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "अंकल, ॲक्च्युअली मी आधी फिश सेक्शनला होतो."

काकांनी काचेच्या टाकीकडे बघितलं, बंड्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "मग ठीक आहे. मासे शिस्तीत दिसतायत."

*

पहिला धडा कुठला? तर ‘लीव्ह इट’! म्हणजे समोर खाऊ असला तरी तोंड लावायचं नाही. आणि हा धडा कुठे? बिस्किटांच्या दोन रॅकच्या मधल्या बोळात! खालचा खण बरोब्बर बंड्याच्या नाकासमोर.

रॉनी सर पुढे उभं राहून हातातलं एक बिस्कीट दाखवत "लीव्ह इट, लीव्ह इट" करतायत. बंड्याने त्या एका बिस्किटाकडे ढुंकूनही बघितलं नाही. सर खूश. "सी? व्हेरी गुड बॉय!"

गुड बॉयने तोवर मागच्या खणातला चिकनच्या बिस्किटांचा अख्खा पुडा फोडून निम्मा संपवला होता.

सरांचा चेहरा पडला. काका शांतपणे म्हणाले, "अहो, मिठाईच्या दुकानात उपास शिकवताय तुम्ही. त्याचं काय चुकलं?"

*

क्लासमध्ये शाह आंटींची प्रिन्सेसही होती. मूठभर जीव, पण आवाज असा की वरच्या मजल्यावरचे लोक खिडकीत यायचे. रॉनी सर म्हणायचे, "सोशलायझेशन होऊ दे. एकमेकांकडून शिकतात."

शिकले ना! माझी चकली जन्मात कधी भुंकली नव्हती. तिसऱ्या रविवारी ती घरी आली आणि कुकरच्या शिट्टीवर भुंकली. मग डोअरबेलवर. मग माझ्या सासूबाईंवर!

सासूबाई म्हणाल्या, "फी भरून शिकवलंस गं हे?"

*

तरी चकली एक गोष्ट झकास शिकली होती. ‘सिट’ म्हटलं की बसायची. पण कुठे? दुकानातल्या काउंटरसमोरच्या हिरव्या मॅटवर. घरी "सिट" म्हटलं तर माझ्याकडे अशी बघायची, की बाई, इथे कुठे बसू, इथे मॅट कुठे आहे?

आता सांगा, कुत्र्याला काय कळणार की सिट म्हणजे सगळीकडे सिट? ते त्याला गेटवर, जिन्यात, रस्त्यावर, सगळीकडे शिकवायला लागतं. चार भिंतींतला एसीतला क्लास रस्त्यावर चालत नाही, यार! मी रॉनी सरांना हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं.

"करेक्ट आहे, मॅम," ते म्हणाले. "तीच मॅट आपल्याकडे अव्हेलेबल आहे. पॅक करू?"

*

रॉनी सरांच्या कमरेला खाऊची एक पिशवी असायची. त्यांच्या बाजूने बंड्या असा चालायचा, की सव्वीस जानेवारीची परेड! काकांनी तशीच पिशवी घेतली, आत उकडलेली कलेजी भरली आणि सकाळी खाली उतरले.

आणि काय सांगू! बंड्या काकांच्या पायाला पाय लावून चालत होता. ओढ नाही, ताण नाही. काकांची छाती फुगलेली. फक्त त्यांच्या मागून गल्लीतले झाडून सगळे कुत्रे तसेच शिस्तीत चालत होते, शेपट्या वर करून.

गेटवर वॉचमन उठून उभा राहिला. "काका, वरात कोणाची?"

दुसऱ्या दिवशी पिशवी घरी ठेवली आणि बंड्याने काकांना गेटपासून थेट मटणाच्या दुकानापर्यंत ओढत नेलं. शिकला होता तो पिशवीबरोबर चालायला. काकांबरोबर नाही. त्या दिवशी काका बाकावर बसले आणि मला हळूच म्हणाले, "गो, हो बंड्या नाय रवलो तर घरात मी बोलू कोणाशी?"

*

मग आला परीक्षेचा रविवार. निलेश मुद्दाम बघायला आला होता, हाताची घडी घालून कोपऱ्यात उभा. प्रिन्सेस पास झाली. चकली हिरव्या मॅटवर बसून पास झाली. मग बंड्या.

त्याने फक्त दाराजवळ ‘स्टे’ करायचं होतं, आणि काकांनी काउंटरपर्यंत जायचं. काका दोन पावलं गेले नाहीत तोच बंड्या त्यांच्यामागे धावला. वाटेत डॉग फूडच्या गोण्यांची रचलेली थप्पी होती. ती नंतर नव्हती. काका खाली, गोण्या काकांच्या बाजूला, आणि बंड्या काकांच्या छातीवर पाय ठेवून त्यांचं तोंड चाटतोय.

आम्ही काकांना उठवून एका गोणीवर बसवलं. लागलं नव्हतं. रॉनी सर हळू आवाजात म्हणाले, "सॉरी अंकल, ह्याला पास नाही करता येणार."

दुकानात सगळे गप्प. प्रिन्सेससुद्धा!

निलेश पुढे आला. "बाबा, ठरलं होतं ना आपलं? नापास झाला. शनिवारी मी गाडी काढतो, सोडून येऊ गावाला."

काकांनी बंड्याचा पट्टा मनगटाला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरला. वर बघितलं. आवाज चढवला नाही.

"निलग्या, तू दहावीक दोनदा नापास झालंस. तेव्हा मी तुका गावाक धाडलंय?"

शाह आंटींना मालवणी कळत नव्हती, तरी त्यांनी डोळ्याला पदर लावला. निलेश कानापर्यंत लाल. मग खाली वाकला, काकांच्या मनगटावरून पट्टा सोडवून आपल्या हातात घेतला, आणि रॉनी सरांकडे वळला.

"रिपीटर्सची बॅच किती वाजता असते?"